वयात येण्याची शिक्षा

१९७१ साली श्रीलंकेत वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळवायला सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ गुण पुरत होते, तामिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० लागत होते. पेराडेनिया विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगसाठी हेच आकडे २२७ आणि २५० असे होते. सरकारी भाषेत याला 'प्रमाणीकरण' म्हणत. उत्तरेकडच्या तामिळबहुल जाफना द्वीपकल्पात जमीन थोडी आणि बारमाही नदी नाही. विहिरीच्या पाण्यावर कांदा, मिरची, तंबाखू काढायचा आणि पोरांना शिकवून नोकरीला लावायचं, असा तिथल्या घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब होता. १९५६च्या 'फक्त सिंहली' कायद्याने सरकारी नोकरीची वाट आधीच अरुंद केली होती, आता शिक्षणाचीही झाली. १९७१च्याच एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या खेड्यांतल्या बेकार सिंहली तरुणांनी जेव्हीपी या डाव्या पक्षाच्या झेंड्याखाली सशस्त्र उठाव केला आणि सरकारने तो रक्तात बुडवला. म्हणजे एकाच वर्षी, एकाच छोट्या बेटावर, दोन्ही भाषांतल्या शिकलेल्या पोरांना कळलं की आपल्याला इथे जागा नाही. त्या दोघांची गाठ मात्र कधी पडली नाही.

श्रीलंकेच्या यादवीबद्दल लिहिणारे सहसा १९८३च्या जुलैपासून सुरुवात करतात आणि २००९च्या मे महिन्यात थांबतात. मधली सव्वीस वर्षं सेनापती, करार, वाटाघाटी, लढाया यांनी भरून काढली जातात. या लेखात तेच युद्ध पंधरा ते पंचवीस या वयातल्या माणसाच्या बाजूने पाहायचं आहे. या विषयावर आज बरंच लिहिलेलं उपलब्ध आहे: मानवी हक्क गटांचे अहवाल, मनोविकारतज्ज्ञांचं संशोधन, माजी लढवय्यांच्या आठवणी, कादंबऱ्या, चित्रपट. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. या युद्धात वयात येणं हीच सर्वांत धोक्याची घटना होती. लहान मुलाला आणि म्हाताऱ्याला नाक्यावरून सोडून देत. मिसरूड फुटलेल्या पोराला कोणीच सोडत नसे.

युद्ध सुरू केलं तेही तरुणांनीच. वेलुपिल्लै प्रभाकरन याने १९७५मध्ये जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा यांना गोळ्या घातल्या तेव्हा तो वीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याची 'लिट्टे' ही सशस्त्र संघटना स्थापन झाली. १९७९मध्ये दहशतवाद प्रतिबंधक कायदा आला आणि संशयावरून दीर्घकाळ डांबून ठेवणं सोपं झालं. १९८१च्या ३१ मेच्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि त्यांच्याबरोबर दुर्मीळ ताडपत्रं गेली. शिक्षणावर जगणाऱ्या गावात ही आग किती आत लागली असेल, हे वेगळं सांगायला नको. मग २३ जुलै १९८३. जाफन्यात लिट्टेच्या हल्ल्यात तेरा सैनिक मारले गेले आणि कोलंबोत तामिळांची घरं-दुकानं मतदारयाद्या हातात घेऊन जाळली गेली. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आसपास, इतरांचे अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तामिळ कैदी मारले गेले.

त्या जुलैनंतर हजारो मुलं रात्रीच्या बोटींनी पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तामिळनाडूत आली. भारताने त्यांना शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं. संघटना अनेक होत्या आणि त्यांतली कोणती निवडायची हे कित्येकदा विचारांवरून ठरत नसे. ट्यूशनमधला मित्र ज्या गटात तिथे आपण, किंवा ज्या गटाची बोट आधी निघेल ती आपली. वडीलधारी माणसं या सगळ्यांना कौतुकाने 'पोरं' म्हणत. १९८६च्या एप्रिल-मेमध्ये लिट्टेने टेलो या संघटनेचा निःपात केला. शंभराहून अधिक पोरांना त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच भाषेच्या पोरांनी मारलं, काहींना भर चौकात टायर घालून जाळलं. जाफना पाहत राहिला. माझ्या मते तामिळ तरुणाच्या दृष्टीने युद्धाची खरी दिशा त्या आठवड्यात ठरली. इथून पुढे शत्रू कोण हे सांगण्याचा अधिकार एकाच माणसाकडे, प्रभाकरनकडे गेला, आणि संघटना सोडणं म्हणजे फितुरी झाली.

मराठी वाचकाला या युद्धाची ओळख आहे ती भारताने तिथे पाठवलेल्या शांतिसेनेमुळे. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफन्याजवळ छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी हातघाईची लढाई केली आणि प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ही वीरगाथा आपल्याकडे सांगितली जाते आणि सांगितलीच पाहिजे. पण त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात साठाहून अधिक माणसं मेली. त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. जाफन्यात वाढणाऱ्या मुलामुलींना भारत आठवतो तो असा. शांतिसेनेच्या अखेरच्या काळात भारताच्या आशीर्वादाने ईपीआरएलएफ या तामिळ संघटनेने 'तामिळ राष्ट्रीय सेना' उभारली आणि तिच्यासाठी रस्त्यावरून, बसमधून, क्लासच्या दारातून पोरं उचलली. शांतिसेना १९९०च्या मार्चमध्ये परतली तेव्हा पुरतं प्रशिक्षणही न मिळालेली ही पोरं लिट्टेच्या तावडीत सापडली. आपल्या देशाच्या कारभाराचा हा भाग आपल्याकडच्या लेखनात जवळजवळ येतच नाही.

या काळाचं सर्वांत प्रामाणिक पुस्तक जाफना विद्यापीठातच लिहिलं गेलं. 'द ब्रोकन पामायरा' हे त्याचं नाव, लेखक चार प्राध्यापक. त्यांतल्या रजनी तिरणगम वैद्यकीय शाखेत शरीररचनाशास्त्र शिकवत. सरकार, भारतीय सैन्य, लिट्टे, कोणालाच त्यांनी सूट दिली नाही. २१ सप्टेंबर १९८९ रोजी सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय ३५. हत्या लिट्टेने केली असं त्यांचे सहकारी आणि कुटुंबीय मानतात. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. व्ही. व्ही. गणेशानंदन यांची 'ब्रदरलेस नाइट' ही कादंबरी २०२४मध्ये विमेन्स प्राइझ मिळवून गेली. तिची नायिका जाफन्यातली वैद्यकीय विद्यार्थिनी आहे आणि तिच्या एका प्राध्यापिकेमागे रजनींची छाया स्पष्ट दिसते. भाऊ एकेक करून संघटनेत जातात, मरतात, बदलतात, आणि मागे राहिलेली बहीण अभ्यास करत राहते. सैन्य आणि संघटना यांच्या मधल्या अरुंद पट्टीत जगणारी तरुण बाई इतक्या बारकाईने क्वचितच कोणी रंगवली असेल.

अभ्यास करत राहणं ही त्या पिढीची जगण्याची तऱ्हाच होती. १९९० ते १९९५ जाफना लिट्टेच्या ताब्यात होता आणि सरकारने त्यावर आर्थिक नाकेबंदी लादली होती. वीज गेलेली. रॉकेल, पेट्रोल, बॅटऱ्या, खतं, सिमेंट, साबण, अशा कितीतरी वस्तूंवर बंदी किंवा कडक मर्यादा. रात्रीच्या अभ्यासासाठी घरोघर जामच्या बाटलीचा दिवा असे. बाटलीच्या तळाशी कापूस, त्यावर जेमतेम भिजेल एवढं रॉकेल, आणि वात. सगळं घर एवढ्याशा ज्योतीभोवती बसायचं आणि सकाळी नाकपुड्या काजळीने काळ्या झालेल्या असायच्या. रेडिओला बॅटरी नाही, म्हणून सायकल स्टँडवर उभी करायची, डायनॅमोची तार रेडिओला जोडायची आणि एकाने पेडल मारायचं. मग बाकीच्यांनी बीबीसीची तामिळ बातमीपत्रं किंवा सिनेमाची गाणी ऐकायची. अंगणात ताडाची खोडं आणि वाळूची पोती रचून केलेला बंकर. विमानाचा आवाज आला की वही घेऊन त्यात उतरायचं. पावसाळ्यात आत पाणी साचे आणि साप-विंचू येत.

आणि तरी परीक्षा होत. लिट्टेच्या मुलखातल्या शिक्षकांचे पगार कोलंबोचं सरकार देत राहिलं, प्रश्नपत्रिका कोलंबोहून येत राहिल्या. ज्या सरकारची विमानं शाळेवर बाँब टाकत, त्याच सरकारचं प्रमाणपत्र मिळवायला मुलं जागत होती. २२ सप्टेंबर १९९५ रोजी जाफन्यातल्या नागरकोविलच्या शाळेवर बाँब पडले, तिथे मुलं मेली. हा विरोधाभास परक्या अभ्यासकांना चमत्कारिक वाटतो. मला तो समजतो. 'ए लेव्हल' या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेचा निकाल हा त्या बेटातून बाहेर पडण्याचा एक रस्ता होता ज्यात हातात बंदूक घ्यावी लागत नसे.

बाहेर पडणं मात्र निकालावर थोडंच अवलंबून होतं. जाफना सोडायला लिट्टेचा पास लागे, त्यासाठी जामीनदार मागे ठेवावा लागे, आणि तरुणांना तो मिळणं सर्वांत कठीण. पैसे भरून, ओळखी लावून कोलंबोला पोचलेला मुलगा तिथल्या लॉजमध्ये राहायचा आणि पोलिसांत नाव नोंदवायचा. ओळखपत्रावर जाफन्याचा जन्म दिसला की नाक्यावर उतरवला जायचा. उत्तरेत संघटना भरतीला येई, दक्षिणेत पोलिस धरायला येत. ७ जून २००७ रोजी कोलंबोच्या लॉजमधून ३७६ तामिळांना बसमध्ये घालून शहराबाहेर काढण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं.

इथे पैशाचा मुद्दा सरळ मांडला पाहिजे, कारण या विषयावरच्या लेखनात तो झाकला जातो. ज्यांच्याकडे विकायला जमीन होती किंवा ज्यांचा मामा कॅनडात होता, ती पोरं दलालामार्फत टोरांटो, पॅरिस, ओस्लोला पोचली. ज्यांच्याकडे काही नव्हतं ती उत्तरेतल्या वन्नीच्या जंगलात लढली. वन्नीत चहामळ्यांतून आलेल्या डोंगरी तामिळांच्या वस्त्या होत्या. दंगलींमुळे मळे सोडून ही कुटुंबं तिथे स्थिरावली होती. युद्धाच्या उत्तरार्धात लिट्टेच्या फळीत त्यांची मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त होती. पूर्वेकडच्या बट्टिकलोआचंही तेच. जाफन्याच्या मध्यमवर्गाने राष्ट्राचं स्वप्न पाहिलं आणि त्यासाठी मेली बरीचशी गरिबांची मुलं. परदेशी तामिळांच्या सभांमध्ये हे ऐकून घेतलं जात नाही, पण युद्धाचा जमाखर्च मांडायचा तर ते टाळता येत नाही.

मुलींबद्दल लिहिताना लेखक दोन टोकांना जातात. कोणी त्यांना वीरांगना करतं, कोणी फसवलेल्या बाहुल्या. लिट्टेच्या महिला राजकीय विभागाच्या प्रमुख राहिलेल्या तमिळिनी यांचं आत्मकथन त्यांच्या मृत्यूनंतर २०१६मध्ये तामिळमध्ये आलं. शाळेतून १९९१मध्ये संघटनेत गेलेल्या या बाईने शेवटी संघटनेचाच हिशेब मागितला आहे. घर, हुंडा, सोवळं यांतून सुटका झाल्याचा आनंद त्यात आहे, आणि प्रश्न विचारता न येण्याची घुसमटही. परदेशातल्या काही तामिळांनी त्या पुस्तकावर संशय घेतला. मला ते विश्वासार्ह वाटतं, कारण लेखिका स्वतःला त्यातून मोकळी सोडत नाही. शोभासक्ती यांचीही हीच ताकद. किशोरवयात लिट्टेत गेलेला हा लेखक पुढे पॅरिसला निर्वासित झाला. 'गोरिला' या कादंबरीत त्यांनी सत्य आणि कल्पित इतकं मिसळलं आहे की निर्वासिताचा अर्ज, कबुलीजबाब आणि गोष्ट यांत फरक करता येत नाही. २०१५मध्ये कान महोत्सवात पाम द'ओर मिळवणाऱ्या 'दीपन' चित्रपटात मुख्य भूमिका त्यांचीच.

तामिळांपुरतं हे सांगून थांबलं तर आढावा अर्धा राहील. १९९०च्या ऑक्टोबरअखेर लिट्टेने उत्तरेतल्या सत्तर हजारांहून अधिक मुसलमानांना हाकलून दिलं. ३० ऑक्टोबरला जाफना शहरातल्या मुसलमानांना दोन तासांची मुदत मिळाली. तामिळ हीच त्यांची भाषा, वर्गातले मित्र तामिळ, आणि शेजारी दारात उभे राहून पाहत होते. ही माणसं पुत्तलमच्या छावण्यांत गेली आणि मुलं तिथे मोठी झाली. रजनींची कन्या शारिका तिरणगम हिने मानववंशशास्त्राच्या अंगाने लिहिलेल्या 'इन माय मदर्स हाउस' या ग्रंथात त्या तरुणांची 'घर' म्हणजे काय याविषयीची ओढाताण फार चांगली नोंदवली आहे: आईवडिलांना जाफना हवा, मुलांना तो आठवतही नाही. बरोबर पाच वर्षांनी, १९९५च्या ३० ऑक्टोबरलाच, सैन्य जवळ आल्यावर लिट्टेच्या हुकमाने जाफन्याचे लाखो तामिळ एका रात्रीत पावसात पायी निघाले.

दक्षिणेत १९८७ ते १९८९ या काळात जेव्हीपीचा दुसरा उठाव झाला. जेव्हीपीने खून पाडले आणि सरकारने त्याहून कितीतरी अधिक. हजारो सिंहली तरुण बेपत्ता झाले, नद्यांतून प्रेतं वाहिली. एम्बिलिपिटियच्या शाळेतली काही मुलं सैन्याने उचलली. पुढे खटल्यात मुख्याध्यापक आणि लष्करी अधिकारी दोषी ठरले. त्या उठावामुळे नेमलेल्या युवक आयोगाने बेकारी, भाषा आणि वशिलेबाजी यांवर बोट ठेवलं. मग त्याच खेड्यांतली पोरं पगारासाठी सैन्यात शिरली. १९९६च्या जुलैमध्ये मुल्लैतिवूच्या तळावर सुमारे बाराशे सैनिक मारले गेले. प्रसन्न विथानगे यांच्या 'पुरहंद कळुवर' या चित्रपटात एक आंधळा बाप सैनिक मुलाची सीलबंद शवपेटी उघडायला निघतो. सरकारने तो प्रदर्शित होऊ दिला नाही, शेवटी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

शेवटची वर्षं सर्वांत वाईट. २००२च्या युद्धबंदीनंतर मुलं सोडू असं लिट्टेने युनिसेफला लिहून दिलं. तरी २००३ ते २००८ या काळात लिट्टेने मुलांची भरती केल्याची सहा हजारांहून अधिक प्रकरणं युनिसेफने नोंदली. २००४मध्ये लिट्टेचा पूर्वेचा सेनापती करुणा फुटला, त्याने बरीच मुलं घरी धाडली. लिट्टेने त्यांतल्या अनेकांना परत उचललं, आणि पुढे करुणाच्या गटानेही सैन्याच्या डोळ्यांदेखत मुलं नेली. १४ ऑगस्ट २००६ रोजी वल्लिपुनमच्या सेंचोलै आवारावरच्या हवाई हल्ल्यात पन्नासहून अधिक मुली ठार झाल्या. सरकारने त्यांना प्रशिक्षणार्थी अतिरेकी म्हटलं, युनिसेफने शाळकरी मुली.

२००८पर्यंत वन्नीत घरटी एक हा भरतीचा नियम कडक झाला होता, मग एकावरही भागेना. आईबापांनी मुलांना खड्ड्यांत लपवलं. विवाहितांना सोडतात म्हणून कोवळ्या वयात घाईघाईने लग्नं लावली. अनुक अरुद्प्रगासम यांच्या 'द स्टोरी ऑफ अ ब्रीफ मॅरेज' या कादंबरीचा पाया हाच: तोफांच्या माऱ्याखाली एक बाप छावणीतल्या अनोळखी मुलाला आपली मुलगी देतो. कादंबरी एका दिवस-रात्रीची आहे, आणि तिच्यात अंघोळ, जेवण, झोप यांवर पानंच्या पानं आहेत. काही समीक्षकांना ती संथ वाटली. मला वाटतं, मरणाच्या एवढ्या जवळ देहाला काय जाणवतं हे सांगायला तोच वेग हवा होता. सरकारने जाहीर केलेल्या सुरक्षित पट्ट्यांवरच तोफा पडत होत्या आणि पळणाऱ्यांवर लिट्टे गोळ्या झाडत होती. मुळ्ळिवाइक्कालच्या किनाऱ्यावर मे २००९मध्ये सगळं संपलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११मध्ये म्हटलं की अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असण्याची शक्यता आहे. शरण आलेल्या लढवय्यांत ५९४ अल्पवयीन होते.

जाफन्याचे मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम हेही 'ब्रोकन पामायरा'च्या चौघांपैकी एक. त्यांनी दाखवून दिलं की एकेका माणसावर उपचार करून भागणार नाही, कारण जखम समाजालाच आहे: कोणाचा कोणावर विश्वास उरलेला नाही. युद्धानंतर सोळा-सतरा वर्षांत रस्ते झाले, रेल्वे पुन्हा जाफन्याला पोचली, पण बेपत्ता मुलांच्या आया २०१७पासून किलिनोच्ची-वावुनियात रस्त्याच्या कडेला फोटो घेऊन बसल्या आहेत. २०२५मध्ये जाफन्याजवळ चेम्मणीच्या उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांत मुलांचेही.

सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे ते लढले नाहीत आणि पळूही शकले नाहीत अशांबद्दल. लढलेल्यांनी आत्मकथनं लिहिली, गेलेल्यांनी इंग्रजीत कादंबऱ्या. खड्ड्यात लपलेल्या मुलाने, लग्नाने वाचलेल्या मुलीने, हाकललेल्या मुसलमान पोराने फार थोडं लिहिलं. जे लिहिलं तेही तामिळच्या बाहेर आलेलं नाही. मराठीत तामिळमधून थेट भाषांतर करणारे हात मोजकेच आहेत. त्यांनी याकडे वळावं.

आणि एक गोष्ट आपल्या हद्दीतली आहे. तामिळनाडूत आजही सुमारे नव्वद हजार श्रीलंकन तामिळ निर्वासित आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक छावण्यांत. त्यांची कितीतरी मुलं भारतातच जन्मली, इथल्या शाळांत शिकली, पदवीधर झाली. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एक जण भारतीय असल्याशिवाय जन्माने नागरिकत्व मिळत नाही, म्हणून ती परकीच आहेत. सरकारी नोकरी त्यांना करता येत नाही, पासपोर्ट नाही, मत नाही. मंडपमच्या छावणीत त्या तारखेच्या आधी जन्मलेल्या एका स्त्रीला पासपोर्टसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि २०२४मध्ये तिने लोकसभेला मतदान केलं. तिच्याहून थोड्या उशिरा जन्मलेल्यांना ती वाटही नाही. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान आहेत, श्रीलंका नाही. ज्या युद्धाला शस्त्रं पुरवण्यात आणि सैन्य पाठवण्यात आपला देश होता, त्या युद्धातून आलेल्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व मिळायला हवं. हा प्रश्न फक्त तामिळनाडूच्या खासदारांनी मांडायचा नाही. आपल्या मतदारसंघातल्या खासदाराला तो विचारा.